जैसलमेरला येताय? वाळूच्या आधी पाणी बघा

दिवाळी जवळ आली की गावाकडून फोन सुरू होतात. पाटणहून, साताऱ्याहून, पुण्यातल्या मावसभावांकडून, कधी भाच्याच्या मित्रांकडूनही. प्रश्न ठरलेला असतो: "दादा, आम्ही जैसलमेरला येतोय. सम चांगलं की खुरी?" दोन्ही वाळूच्या टेकड्यांची ठिकाणं. मी इथे पवनचक्क्यांच्या देखभालीच्या कामावर आहे, घर इथलंच, मुलं इथल्याच शाळेत. त्यामुळे नातेवाइकांच्या हिशेबी मी आता इथला. प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहून ठेवतो.

माझं म्हणणं थोडक्यात असं. वाळू एका संध्याकाळी बघून होते. तीन-चार दिवस काढून इतक्या लांब येणार असाल, तर या गावाने पाणी कसं मिळवलं आणि कसं राखलं ते बघा. किल्ला, हवेल्या, ओसाड गावं, ताटातली भाजी, सगळ्याचा उलगडा त्यातून होतो.

हे मला इतकं जाणवतं त्याला कारण माझं गाव आहे. मी कोयनेच्या खोऱ्यातला. कोयनानगरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पावसाळ्यात आमच्याकडे कपडे वाळत नाहीत, भिंतींना ओल येते. वरच्या अंगाला वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या आल्या, तिथे मी काम शिकलो आणि त्याच कामाने मला इकडे आणलं. जैसलमेरचा वर्षाचा पाऊस २०० मिलिमीटरच्या आसपास. कोयनेला आषाढात एखाद्या दिवशी जेवढा कोसळतो, तेवढ्यावर इथे वर्ष काढायचं, आणि तोही पडलाच तर.

आमच्या शेजारी एक आजी राहतात. सगळी गल्ली त्यांना मासा म्हणते, आम्हीही म्हणतो. आम्ही नवीन होतो तेव्हा बायकोने सवयीने अंगणात पाण्याची बादली ओतली. मासांनी भिंतीपलीकडून म्हण ऐकवली: "घी ढुळ्यां म्हारो कांई नी जासी, पाणी ढुळ्यां म्हारो जी बळै." तूप सांडलं तर माझं काही जात नाही, पाणी सांडलं तर जीव जळतो. मासांच्या लहानपणी आंघोळ बाजेवर बसून व्हायची. बाजेखाली परात ठेवलेली असायची. परातीत साठलेल्या पाण्यात कपडे निघायचे आणि त्यातून उरलेलं शेण कालवायला जायचं. आता नळ आहे, इंदिरा गांधी कालव्याचं पाणी येतं, तरी मासांचा हात अजून पेल्याने मोजूनच पाणी घेतो.

म्हणून पहिल्या दिवशी पहिली जागा गडीसर. उजाडताना जा. गाड्या आणि पायडलच्या बोटी सुरू होण्याआधीचा तास धरा. हा तलाव बांधून घडवलेला आहे. याला नदी मिळत नाही, पोटात झरा नाही. रावळ गडसींनी १४व्या शतकात याचं मोठं काम केलं, त्यांच्यावरून नाव पडलं. गावात नळ येईपर्यंत, म्हणजे अगदी विसाव्या शतकातही, अख्खं जैसलमेर हेच पाणी पीत होतं. बायका इथून घडे भरून किल्ल्यावर चढवायच्या. तलावाच्या मधल्या छत्र्यांचे फोटो सगळेच काढतात. तुम्ही पाळीवर उभं राहून तलावाकडे पाठ करा आणि समोरचा खडकाळ माळ बघा. तो माळ म्हणजे आगोर. पावसाचा प्रत्येक थेंब त्या उतारावरून तलावात यावा अशी ती जमीन राखलेली होती. आगोर घाण करणं म्हणजे पिण्याचं पाणी घाण करणं, हे लहान पोरालाही शिकवलेलं असायचं. आता तलावात कालव्याचं पाणीही सोडतात, त्यामुळे तो सहसा कोरडा पडत नाही.

गडीसरला जाताना ज्या कमानीखालून जाता तिला टीलों की पोळ म्हणतात. टीलों ही गाणारी-नाचणारी बाई. तिने पैसे जोडून ही कमान बांधायला घेतली, तर दरबारात नाराजी झाली. असल्या बाईने बांधलेल्या दारातून राण्यांनी पाण्याला जायचं कसं? दरबार काही ठरवेपर्यंत तिने कमानीवर देवाची मूर्ती बसवली, आणि मग कोणाची पाडायची हिंमत झाली नाही. ही दंतकथा आहे. पण इथे ती ज्या अभिमानाने सांगतात तो खरा आहे. गावाच्या पाण्याच्या वाटेवर आपलं नाव राहावं, ही तिची इच्छा इथल्या माणसाला पूर्ण समजते.

आता किल्ला. ११५६ साली रावळ जैसलांनी लोद्रव्याची राजधानी सोडून त्रिकूट टेकडीवर हा किल्ला बांधायला घेतला. ९९ बुरूज, पिवळा दगड. किल्ल्यात आजही तीनेक हजार माणसं राहतात. युनेस्कोने २०१३ साली राजस्थानच्या डोंगरी किल्ल्यांबरोबर याला जागतिक वारसा ठरवलं. हे कुठल्याही फलकावर वाचायला मिळतं. माझी विनंती वेगळी आहे: किल्ल्यावर दिवसभर फिरा, पण मुक्काम खाली गावात करा.

त्याचं कारण पाणीच. टेकडी अखंड खडकाची नाही. वाळूचा दगड आणि मधे मधे चिकणमातीचे थर आहेत. तटाचा कितीतरी भाग चुन्याशिवाय, दगडात दगड अडकवून रचलेला आहे. शेकडो वर्षं किल्ल्यावर पाणी डोक्यावरून चढत होतं, म्हणून सांडतही नव्हतं. ते पायात मुरायचा प्रश्नच आला नाही. मग नळ आले, मोऱ्या आल्या, घरांची हॉटेलं झाली. प्रत्येक खोलीला न्हाणीघर आलं आणि ते पाणी खाली झिरपायला लागलं. चिकणमाती भिजली की फुगते, घसरते. १९९०च्या दशकात काही बुरूज ढासळले. पुढे गटारांची दुरुस्ती झाली, तटाचीही कामं झाली. तरी ऑगस्ट २०२४च्या मोठ्या पावसात तटाचा एक भाग पुन्हा कोसळला. किल्ल्यातल्या घरांची रोजीरोटी पाहुण्यांवर आहे हे मला ठाऊक आहे, माझे ओळखीचे लोक तिथे आहेत. तेव्हा चहा वर प्या, जेवण वर करा, खरेदी वर करा, आंघोळ मात्र खालीच करा. खालच्या हॉटेलांच्या गच्चीतून सकाळी किल्ल्याचा पूर्व तट जसा उजळताना दिसतो, तसा तो किल्ल्यात राहून दिसत नाही. म्हणजे तुमचाही तोटा नाही.

किल्ल्यातली जैन मंदिरं सकाळीच बघा. दुपारनंतर ती इतर पाहुण्यांना बंद होतात. चामड्याचा पट्टा, पाकीट खोलीवर ठेवून जा. पार्श्वनाथ आणि संभवनाथ मंदिरांवर घाई करू नका. खांबांवरचं काम बघून मान दुखली की घुमटाखाली जमिनीवर बसा आणि वर बघा. याच मंदिरांच्या पोटात ज्ञानभांडार आहे, ताडपत्रावरच्या जुन्या पोथ्यांचा मोठा संग्रह. कोरडी हवा आणि तळघर यांनी त्या टिकवल्या. या हवेने आमच्या मुलांच्या नाकातून रक्त येतं, पण त्याच हवेने पोथ्यांना वाळवी आणि बुरशीपासून वाचवलं.

हवेल्यांत पटवों की हवेली सगळे बघतात, तुम्हीही बघा. १८०५ पासून बांधत गेलेल्या पाच हवेल्या आहेत, व्यापाऱ्याच्या पाच मुलांच्या. पण हातात एकाच हवेलीचा वेळ असेल तर मी नथमलजींची सांगेन. १८८५ची आहे. हाथी आणि लालू या दोन भावांनी अर्धी-अर्धी कोरली, एकाने डावी बाजू, दुसऱ्याने उजवी. लांबून दोन्ही अंगं सारखी दिसतात. जवळ जाऊन एक एक झरोखा, एक एक फूल ताडून बघितलं की लक्षात येतं, एकाने जे कोरलं ते दुसऱ्याने जसंच्या तसं केलेलं नाही. तोल सांभाळलाय आणि हातही वेगळा राहिलाय. मुलं बरोबर असतील तर त्यांना फरक शोधायला लावा, अर्धा तास मजेत जाईल. दाराशी पिवळ्या दगडाचे दोन हत्ती आहेत, त्यांच्यावर बसवू नका.

संध्याकाळी बडा बाग. गावापासून सहा किलोमीटर. पोस्टकार्डावर या छत्र्या दिसतात तेव्हा मागच्या पवनचक्क्या बहुतेक कापलेल्या असतात. फोटो काढणाऱ्यांना त्या नको असतात. मला त्या तिथे असणं आवडतं, आणि केवळ माझी रोजीरोटी आहे म्हणून नव्हे. १६व्या शतकात महारावळ जैतसिंगांनी इथे बांध घालून पाणी अडवलं, त्याच्या खाली बाग फुलली, आणि त्यांच्या मुलाने वडिलांची छत्री इथे उभारली. पुढे राजघराण्याच्या छत्र्या इथेच होत गेल्या. ज्या वाऱ्याने छत्र्यांचा दगड कुरतडला, त्याच्यावरच आज माळावर वीज तयार होते. जैसलमेर परिसरातल्या पवनचक्क्यांची क्षमता एक हजार मेगावॉटहून जास्त आहे. छत्र्यांच्या आतल्या शिळा वाकून बघा. घोड्यावर बसलेला राजा कोरलेला असतो आणि शेजारी बायकांच्या आकृत्या. त्या सती गेलेल्या राण्या. मोजायला लागलं की बोलणं बंद होतं.

आता ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहायला घेतलं ते. कुलधरा.

तुम्ही कुलधऱ्याचं नाव भुताचं गाव म्हणून ऐकलं असेल. मोबाइलवर रात्री तिथे जाऊन किंचाळणाऱ्यांचे व्हिडिओ आहेत. ते बघून येऊ नका. कुलधरा पालीवाल ब्राह्मणांचं गाव होतं, जैसलमेरपासून सतरा-अठरा किलोमीटरवर. १९व्या शतकात ते रिकामं झालं. दिवाण सालिमसिंगाची एका मुलीवर नजर पडली आणि ८४ गावांचे पालीवाल एका रात्रीत उठून गेले, अशी कथा सांगतात. अभ्यासकांनी पाणी आटणं, करांचा बोजा, भूकंप अशी कारणं मांडली आहेत. मला स्वतःला एका रात्रीपेक्षा वर्षानुवर्षं खोल खोल जाणारी विहीर जास्त पटते. तिथे गेल्यावर गल्ल्या बघा, किती सरळ आहेत. घरांचे चौक, कोठारं, बैलगाडीची जागा, बारव बघा. ही सुखवस्तू माणसांची वस्ती होती. मग प्रश्न पडायला हवा: या माळावर माणसं सुखवस्तू झाली कशी?

त्याचं उत्तर खडीन. कुलधऱ्याच्या तिकीट खिडकीवरून माघारी फिरणाऱ्यांना ते दिसत नाही. खाभ्याच्या रस्त्याला पुढे जा. खाभ्याचा छोटा किल्ला आहे, त्याच्या तटावरून खाली पालीवालांचं आणखी एक ओसाड गाव दिसतं. तेही बघा. पण डोळे सखल भागावर ठेवा. खडकाळ, चढावाचा मोठा माळ आणि त्याच्या पायथ्याला मातीचा एक बुटका, लांबलचक बांध. शंभर मीटर, दोनशे मीटर, कधी आणखी लांब. उंची माणसाएवढी किंवा थोडी जास्त. बघितल्यावर वाटतं, यात काय बघायचं? पण पावसाळ्यात दोन-तीन मोठ्या सरी जरी झाल्या तरी त्या सगळ्या उघड्या माळाचं पाणी धावत येऊन या बांधाशी अडतं. शेताचं तळं होतं. पाण्याबरोबर आलेला गाळ खाली बसतो, पाणी हळूहळू जमिनीत उतरतं. कार्तिकाच्या सुमारास उरलंसुरलं पाणी मोरीतून खालच्या अंगाला सोडून देतात आणि ओल्या जमिनीत गहू, हरभरा पेरतात. त्यानंतर एकही पाण्याची पाळी नाही. नुसत्या ओलीवर पीक हाताशी येतं. खत वेगळं लागत नाही, दर वर्षीचा गाळच खत. सोलापूर-बार्शीकडे काळ्या रानात ओलीवर शाळू येतो हे ज्यांनी बघितलंय त्यांना हे लगेच उमगेल. फरक एवढाच की तिथे जमीनच ओल धरणारी आहे, इथे आधी जमीन तयार करावी लागली. पालीवालांनी ही पद्धत १५व्या शतकात इथे रुजवली असं मानतात. त्यातले कितीतरी खडीन आजही चालू आहेत, पिकवणारे हात बदलले.

मला खडीन पहिल्यांदा जमिनीवरून समजलेच नव्हते. मशीनवर, म्हणजे पवनचक्कीवर, चढलो तेव्हा समजले. आमच्या टॉवरच्या डोक्यावर, सत्तर-ऐंशी मीटरवर, झाकण उघडून बाहेर डोकं काढलं की चहूबाजूला एकच रंग: फिकट पिवळा, मधे राखाडी खडक. जानेवारीत एकदा वर चढलो तर त्या पिवळ्या रंगात हिरवे तुकडे दिसले. एक बाजू सरळ रेघेत कापलेली, दुसरी बाजू पाणी जिथवर पसरलं तिथवर वेडीवाकडी. प्रत्येक हिरव्या तुकड्याच्या वरच्या अंगाला भला मोठा नागडा माळ. तेव्हा कळलं की शेत बांधाच्या आत दिसतं तेवढंच नसतं, वरचा सगळा माळ त्या शेताचा असतो. माळावर रस्ता काढला, खाण काढली, आमच्यासारख्यांनी मशीनपर्यंत जायला मुरूम टाकून वाट उचलली, की पाणी दुसरीकडे वळतं आणि खाली शेत कोरडं राहतं. म्हणून साइटवर नवी वाट आखताना खालच्या गावातला एखादा म्हातारा आधी बोलवावा, त्याला पाणी कुठून येतं हे नकाशापेक्षा जास्त माहीत असतं, असं मी आमच्या पोरांना सांगत असतो.

तुम्ही जानेवारी-फेब्रुवारीत आलात तर खडिनात गहू उभा असेल. शेतात माणूस असेल तर राम राम करा, विचारून बांधावर चढा. चहा येईल. घ्या.

वाळूचंही सांगतो, नाहीतर तुम्ही रागवाल. सम जैसलमेरपासून चाळीसेक किलोमीटर पश्चिमेला, खुरी साधारण तेवढीच नैर्ऋत्येला. समला टेकड्या मोठ्या आणि गर्दीही मोठी. संध्याकाळी जीपचा धुरळा, रात्री तंबूंमधून मोठ्या आवाजाची गाणी. खुरीला टेकड्या लहान पण रात्र शांत. कुठेही जा, पण सूर्यास्तावर समाधान मानू नका. पहाटे उठा. रात्रीच्या वाऱ्याने वाळू सारखी झालेली असते आणि तिच्यावर रात्रभराची हजेरी लिहिलेली असते. किड्याच्या पायांची दुहेरी शिलाई, उंदरांच्या उड्या, कोल्ह्याची सरळ रेघ, फुरसं तिरकं सरकत गेल्याच्या आडव्या खुणा. ऊन तापायच्या आत वारा हे सगळं पुसून टाकतो. बूट मात्र घालूनच चाला.

आणि हे लक्षात असू द्या की इथलं वाळवंट बहुतांशी वाळूच्या टेकड्यांचं नाहीच. मरू राष्ट्रीय उद्यान ३,१६२ चौरस किलोमीटरचं आहे, त्यात टेकड्या साधारण पाचव्या हिश्शात. बाकी खडकाळ माळ आणि सेवण गवताची कुरणं. त्या गवतातच गोडावण राहतो. आपला माळढोक.

माळढोकाबद्दल मला थोडं जास्त लिहू द्या. सोलापूरजवळ नान्नजला १९७९ पासून अभयारण्य आहे. आमच्या वडिलांच्या पिढीने तिकडे हा पक्षी बघितला. आता महाराष्ट्रातून तो जवळजवळ गेलाच आहे. देशात दीडशेच्या आत उरलेत आणि त्यातले बहुतेक इथे, या एका जिल्ह्यात. पंधरा किलोपर्यंत वजनाचा पक्षी. त्याचे डोळे बाजूला असल्यामुळे उडताना समोरचं फार कमी दिसतं, आणि एवढ्या वजनाला ऐनवेळी वळता येत नाही. त्यामुळे विजेच्या तारांवर आपटून मरतो. त्या तारा आमच्या पवनचक्क्यांच्या आणि सौर प्रकल्पांच्या आहेत. १९ एप्रिल २०२१ला सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या अधिवासातल्या तारा जमिनीखाली घ्यायला सांगितलं. मार्च २०२४मध्ये तो आदेश बदलून तज्ज्ञांची समिती नेमली. तारांवर पक्ष्यांना दिसतील अशा फिरत्या चकत्या लावायचं काम आम्हीही करतो. स्वच्छ वीज हवी यावर माझा विश्वास आहे, आयुष्य त्यातच चाललंय. पण या माळावरचा शेवटचा गोडावण आमच्या तारेवर मेला, असं ऐकायची वेळ माझ्यावर येऊ नये. सम आणि रामदेवऱ्याला त्यांची पैदास केंद्रं आहेत, ऑक्टोबर २०२४मध्ये कृत्रिम रेतनातून पहिलं पिल्लू जन्माला आलं. गावात ही बातमी घरात बाळ झाल्यासारखी सांगत होते.

बघायचा असेल तर वनखात्याची परवानगी काढून सुदासरीच्या बाजूला पहाटे जा. दिसेलच असं नाही. चिंकारा, वाळवंटी खोकड, गिधाडं बहुधा दिसतील. दिसला तर गाडीतून उतरू नका आणि ड्रायव्हरला "अजून थोडं जवळ" म्हणू नका.

गाणं ऐकल्याशिवाय जाऊ नका. तंबूत कार्यक्रम होतात, तिथेही चांगले कलाकार असतात, पण दहा मिनिटांत सिनेमाच्या फर्माइशी सुरू होतात. मांगणियार हे मुसलमान गवई, पिढ्यान्पिढ्या राजपूत आणि इतर यजमानांकडे जन्माला, लग्नाला, मरणाला गाणारे. त्यांच्यापैकी कोणाला कमायचा वाजवायला सांगा. आंब्याच्या लाकडाचं वाद्य, गोल पोट, त्यावर बकऱ्याचं कातडं, गजाने वाजवायचं. आवाज जाड, थोडा खरखरीत, छातीत उतरतो. हमीरा गावचे साकर खान याचे थोर वादक, त्यांना २०१२ साली पद्मश्री मिळाली. आज कमायचा वाजवणारे कमी होत चाललेत, कारण हार्मोनियमवर काम भागतं. तुम्ही आवर्जून मागितलात तर तो खोळीतून बाहेर येतो. ज्यांच्या घरी किंवा हॉटेलात उतराल त्यांना आदल्या दिवशी सांगून ठेवा, पैसे मोकळ्या हाताने द्या आणि मांड, म्हणजे इथली खास गायकी, गायला लावा.

जेवणात केर-सांगरी खाल्ल्याशिवाय निघू नका. सांगरी म्हणजे खेजडीच्या शेंगा. खेजडी म्हणजे दसऱ्याला आपण पुजतो ती शमी. केर ही काटेरी झुडपाची हिरवी फळं. दोन्ही उन्हाळ्यात काढून वाळवतात आणि वर्षभर भिजवून भाजी करतात. केराचा कडूपणा घालवायला मासा ती ताकात मुरवतात. कुठल्याही पिकाला पाणी न देता मिळणारी ही भाजी आहे, दुष्काळात लोकांनी हिच्यावर दिवस काढलेत. आता बाजारात तिचा भाव काजूच्या जवळ जातो. सोबत बाजरीचा सोगरा, आपल्या भाकरीपेक्षा जाड, त्यावर तूप. गोडात घोटुवा लाडू, जैसलमेरची खासियत, घरी न्यायला चांगला, टिकतो. हाबूर गावच्या दगडाचे पेलेही बाजारात दिसतील, अंगात शिंपल्यांचे जीवाश्म असलेला तांबूस-पिवळा दगड. त्यात विरजणाशिवाय दही लागतं असं इथे घरोघरी सांगतात. दिसायलाच इतका सुंदर असतो की एक घ्यावा.

तनोट आणि लोंगेवालाचा एक वेगळा दिवस धरा. तनोट सुमारे १२० किलोमीटर. १९६५च्या युद्धात देवळाच्या आवारात पडून न फुटलेले बॉम्ब तिथे मांडून ठेवलेत, देवळाची व्यवस्था सीमा सुरक्षा दल बघतं. लोंगेवालाला ४ आणि ५ डिसेंबर १९७१ची लढाई मेजर कुलदीपसिंग चांदपुरींच्या तुकडीने लढली. रात्रभर त्यांनी चौकी धरून ठेवली आणि उजाडताच जैसलमेरहून हंटर विमानं आली. रामगढला पेट्रोल भरून घ्या, पाणी गाडीत जास्तीचं ठेवा. बारमेरच्या रस्त्याला अकलचं जीवाश्म उद्यान आहे, १८ कोटी वर्षांपूर्वीची झाडं दगड झालेली. आज जिथे झुडूपही नीट वाढत नाही तिथे एवढे बुंधे आडवे पडलेत. लहान जागा आहे, तासाभरात होते.

कधी यायचं? नोव्हेंबर ते फेब्रुवारी. दिवाळीची सुट्टी आणि नाताळ ते नवीन वर्ष टाळता आलं तर टाळा, त्या दिवसांत गडीसरला उभं राहायला जागा नसते. माघी पौर्णिमेच्या आधी मरू महोत्सव असतो, उंट सजवतात, पागोटं बांधायच्या स्पर्धा होतात, तेव्हा हॉटेल फार आधी ठरवा. माझ्या मनातले दिवस म्हणजे त्याच्या नंतरचे, फेब्रुवारीचा शेवट. थंडी मवाळ झालेली असते, रोहिड्याला केशरी फुलं आलेली असतात, खडिनातला गहू पिवळा पडायला लागलेला असतो. हिवाळ्यात दिवसा हाफ शर्ट चालतो आणि रात्री जाड स्वेटर लागतो, दोन्ही आणा. ओठांना आणि नाकात लावायला काहीतरी ठेवा. मे-जूनमध्ये येऊ नका, लू लागते.

वांद्रे टर्मिनसहून जैसलमेरला आठवड्यातून एक गाडी आहे, नाहीतर जोधपूरला उतरून पुढे रस्त्याने पाचेक तास. हिवाळ्यात विमानंही असतात. चार रात्री काढा: दोन गावात, एक वाळूवर, एक पुन्हा गावात. टॅक्सी ठरवताना कुलधरा एवढंच सांगितलं तर तो तिथून माघारी फिरवतो. "खाभा, आणि पुढे खडीन बघायचे आहेत, पाणी किंवा पीक जिथे असेल तिथे थांबायचं" असं निघायच्या आधी बोला आणि भाडं त्याप्रमाणे ठरवा. खडीन म्हटल्यावर बहुतेक ड्रायव्हर आधी तुमच्याकडे नीट बघतात आणि मग स्वतःच्या गावचा खडीन दाखवायला नेतात.